‘आय कोय’: झार्मा भाषेतील जोडस्वर शिकताना

बाजरीवरील कामासाठी मी नायजरची राजधानी नियामे येथे राहायला गेलो, तेव्हा फ्रेंचवर निभावून जाईल अशी माझी समजूत होती. शहरात ती खरीही ठरली, परंतु शेतावर सारे बोलणे झार्मा भाषेत चाले आणि तेथे ‘हायनी’ म्हणतात ती आपली बाजरीच, यापलीकडे माझी मजल जात नव्हती. म्हणून शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे मी संध्याकाळची शिकवणी धरली.

झार्मा ही सोंगाई कुळातील भाषा असून ती रोमन लिपीत लिहितात. मूळ स्वर पाचच. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुनासिक भेद मराठी माणसाला फारसे जड जात नाहीत. खरी कसोटी लागते ती स्वराच्या मागे किंवा पुढे ‘य’ किंवा ‘व’ हा अर्धस्वर चिकटून जोडस्वर होतो तेव्हा. ‘मी’ या अर्थाचा शब्द पहिल्याच दिवशी आला आणि मी तो वहीत ‘ऐ’ असा टिपला. आपला ‘ऐ’ आखूड ‘अ’पासून निघतो, तर तेथे सुरुवातीला ‘आ’ पुरता उघडावा लागतो. बाईंनी नकारार्थी मान हलवल्यावर मी ‘आई’ म्हणून पाहिले. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या: ‘आय’ला एक, ‘कोय’ला एक, की ‘मी गेलो’ हे वाक्य संपले. माझ्या मात्र चार टाळ्या झाल्या. परतताना ध्यानात आले की काय, होय आणि आंब्याची कोय हे शब्द जन्मभर तोंडात असताना मी उगाच वर्णमालेतला ‘ऐ’ शोधत बसलो होतो.

‘व’ने अधिक दिवस घेतले. गायीला ‘हाव’ म्हणतात. पण मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, आणि तसा उच्चार केला की बाईंना शब्दच कळत नसे. चूल फुंकताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा, परंतु त्याचा वेगळा ‘ऊ’ होऊ द्यायचा नाही, हे मला आरशासमोर बसून घोटावे लागले. त्यातच ‘त्या गायी’ म्हणायचे तर ‘हावेय’ होते, म्हणजे शेवटचा ‘व’ पुढच्या अवयवात, म्हणजे पुढच्या टाळीत, सरकतो आणि शेवटी नवा ‘य’ येतो. ‘झांका’ म्हणजे मूल, त्याचे ‘झांकेय’. मी ‘झांके’वरच थांबत असे.

‘क्वारा’, म्हणजे गाव, हा शब्द ‘ज्वारी’च्या सवयीमुळे लवकर जमला. नियामेतील एका वस्तीच्या नावात त्याचेच ‘कोयरा’ हे रूप आढळते. नायजरमधीलच दोस्सो या शहराच्या पारंपरिक राजाची पदवी ‘झार्माकोय’, म्हणजे झार्मा लोकांचा धनी. तिच्या फ्रेंच लेखनात शेवटी एक जादा अक्षर असते, त्यामुळे मी बरेच दिवस ‘कोये’ असे म्हणत राहिलो.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी शेतावरच्या एका गड्याने, काल दिसला नाहीत, असे विचारले. मी ‘आय कोय’ म्हणालो. त्याने शब्द पुन्हा म्हणायला लावला नाही. कुठे, एवढेच विचारले.