दसरा ते संक्रांत: आमची वाटचाल

नाशिकची थंडी सांगून येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हानं वैतागलेली माणसं नरक चतुर्दशीला कढत पाणी मागतात, आणि पुढे निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की आमचा फोन हातातून सुटत नाही. आपल्याकडे घराला हीटिंग नसतं, खिडक्यांना दुहेरी काचा नसतात. घराची थंडीची तयारी म्हणजे रजया उन्हात टाकायच्या आणि आंघोळीच्या पाण्याची सोय बघायची. रजयांचं ज्याचं त्यानं बघावं, पाण्याचं आम्ही बघतो.

सुरुवात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी केली. भांडी बाजाराजवळ त्यांचा छोटा गाळा होता. दसऱ्यानंतर वाड्यावाड्यांतल्या माळ्यांवरून तांब्याचे बंब उतरायचे आणि गाळ्यासमोर रांगेत उभे राहायचे. मधल्या नळीला डाख द्यायचा, गळकी तोटी बदलायची, जळून गेलेली जाळी नवी घालायची, शेवटी चिंचेनं घासून बंब लखलखीत करून परत द्यायचा. उन्हाळ्यात आणलात तर निम्म्या मजुरीत करतो, असं अण्णा प्रत्येकाला सांगायचे. कुणी आणायचं नाही. पाणी गार लागल्याशिवाय ते तापवणाऱ्या यंत्राची आठवण होत नाही, हे या धंद्याचं मूळ दुखणं, आणि ते बंबाबरोबर गेलं नाही.

वाडे पडले, इमारती झाल्या, बंब शोभेला दिवाणखान्यात गेले. मी गिझरच्या कामाला लागलो. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट, झालं. खरा बदल सोलरनं केला. २०१० मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली, सोलर वॉटर हीटरवर अनुदान मिळू लागलं आणि गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत गच्च्यांवर काचेच्या नळ्या चमकायला लागल्या. त्या काळात विकणारा प्रत्येक जण हुशार ठरला. मग २०१४ मध्ये ते अनुदान बंद झालं. कालपर्यंत पत्रकं वाटणारी दुकानं बघता बघता दुसऱ्या धंद्यात गेली आणि त्यांनी बसवलेल्या टाक्या गच्चीवर अनाथ झाल्या. वॉरंटी कार्डावरचा नंबर लागत नाही म्हणून लोक आमच्याकडे यायला लागले. दुसऱ्यानं बसवलेल्या सिस्टिमला हात लावायचा नाही, असा या लाइनीत रिवाज होता. तो आम्ही मोडला आणि फर्म त्यावरच उभी राहिली. विकण्यातून आम्हाला पैसा मिळाला असेल, पण नाव मिळालं ते सर्व्हिसिंगमुळे.

थंडीच्या आधी नेमकं करतो काय, हे लोक नेहमी विचारतात. बहुतेकांना वाटतं, नळ्या पुसायच्या. पुसतोच. पावसाळ्यातलं शेवाळ आणि कबुतरांची घाण निघाली की फरक पडतोच. पण खरा शत्रू आत असतो. नळाचं पाणी त्या मानानं बरं. बोअरचं पाणी असलेल्या बंगल्यात दोन-तीन वर्षांत नळीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर साचतो. तांब्याच्या नळ्यांचे जुने फ्लॅट प्लेट पॅनल असतील तर त्या आतून चोंदतात, पाणी वर चढतच नाही आणि टाकी दिवसभर कोमट राहते. टाकी रिकामी करून, नळ्या काढून, सायट्रिक अॅसिडनं तो थर सोडवावा लागतो. हे काम पहाटे, नाहीतर नळ्यांवर ताडपत्री टाकून करायचं. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्या वर तापते. दुपारी तिच्यात गार पाणी सोडलं की फुटलीच म्हणून समजा. दुरुस्तीला गेलेल्या माणसानंच नळ्या फोडल्याच्या बहुतेक गोष्टी दुपारच्या असतात.

नळीच्या दोन काचांमधला, उष्णता धरून ठेवणारा निर्वात शाबूत आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे. बंद टोकाकडे आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला की आत हवा शिरली; ती नळी बदला. त्यानंतर सिलिकॉनच्या रिंगा, एअर व्हेंटची नळी, आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. शेवटचा बिघडला तर दिवसभर तापलेलं पाणी वरच्या गार टाकीकडे उलटं जातं आणि घरातली माणसं सोलरला शिव्या देतात. गच्चीतून बाथरूमकडे येणाऱ्या पाइपवरचं आवरण उन्हानं भुगा झालेलं असतं, तेही बघायचं. थंडीत पहिल्या दोन बादल्या गार येतात त्या इथेच.

सगळ्यात जास्त वाद होतो तो सावलीवरून. नाशिक साधारण वीस अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, किंचित उत्तरेलाच. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारी जेमतेम ४६ अंश वर चढतो. त्यामुळे मे महिन्यात लख्ख उन्हात बसवलेली सिस्टिम डिसेंबरात शेजारच्या जिन्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत सापडते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. "अहो, उन्हाळ्यात तर हात पोळत होता!" असं काकू म्हणतात, आणि ते खरंच असतं. अशा ठिकाणी सर्व्हिसिंग करून काही उपयोग नाही, सिस्टिम सरकवावी लागते. आमची पोरं आता नवीन काम घेण्याआधी होकायंत्र घेऊन डिसेंबरची सावली बघतात.

एक काम आम्ही घेत नाही: बंद बाथरूममध्ये गॅस गिझर. थंडीत लोक खिडकी लावून घेतात, हवा अपुरी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत लावायची तयारी असेल तर बोला. नाहीतर दुसरा कुणीतरी लावून देईल, देवो. विजेच्या गिझरला मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असल्याशिवाय आम्ही बिल करत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू द्यावं.

दसरा ते संक्रांत पोरांना जेवायला वेळ नाही आणि मार्चपासून हाताला काम नाही, अशानं चांगला कारागीर टिकत नाही. उन्हाळ्यात टाक्या धुणं आणि कूलरची कामं घेऊन बघितली, पण घर चाललं ते सर्व्हिसिंगच्या वार्षिक करारामुळे. पैसे हप्त्यानं घेतो, पगार बाराही महिने देतो. त्यातच पितृपक्षाचा शोध लागला. त्या पंधरवड्यात लोक नवीन वस्तू घेत नाहीत, म्हणून पूर्वी आम्ही शटर अर्धं ओढून बसायचो. दुरुस्तीला कुणाची हरकत नसते, हे आमच्या हिच्या लक्षात आलं. हिशेब तीच बघते, त्यामुळे रिकामा पंधरवडा तिच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होताच. क्षार काढायची निम्मी कामं आता तेव्हाच उरकतात.

२०२४ पासून नवीन पेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या वीजनिर्मितीला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून लोक जागेसाठी पाण्याचं सोलर काढून टाकायला निघालेत. मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवतो. दोनशे लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण नऊ युनिट लागतात. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे दोन किलोवॉटहून जास्त पॅनल नुसत्या आंघोळीला गेले! पाण्याचं सोलर तेच काम थोड्या जागेत करतं. तरीही गच्ची अगदीच अपुरी असेल तर हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप सुचवतो. तो निम्म्याहून कमी विजेत तेवढंच पाणी तापवतो. दोन पोरांना त्याचं काम शिकायला पाठवलं आहे. अण्णांना तो मोठा डबा काही पटलेला नाही. बोअरच्या पाण्यावर तो किती वर्षं टिकतो ते आधी सांगा, एवढंच ते विचारतात, आणि सध्या तरी त्याचं उत्तर देण्याइतके जुने हीट पंप आमच्या गिऱ्हाइकांकडे नाहीत.