कोयनेचा प्रकल्पग्रस्त दाखला: माझा अनुभव

आमच्या धाकट्या चुलतबहिणीने सरळसेवा भरतीची तयारी सुरू केली आणि प्रकल्पग्रस्त दाखल्याचा विषय घरात निघाला. प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आरक्षण असतं. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कचेऱ्यांना न कंटाळणारा घरात मी एकटाच.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पट्ट्यात. म्हणजे आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात. गावच पाण्यात गेलंय, त्याला वेगळा पुरावा काय लागणार, असं सगळ्यांचंच मत होतं.

अर्जासोबत मुख्य तीन गोष्टी लागतात: बुडालेल्या जमिनीचा जुना सातबारा, भूसंपादनाचा निवाडा आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नकलेचा अर्ज केला, तिकीट लावलं, पुष्कळ वाट पाहिल्यावर निवाड्याची प्रत हाती आली. ती वाचताना मी चकित झालो. जिरायत किती, भातखाचरं किती, कौलारू घर, गोठा, आंबे, फणस, हिरडा. झाडागणिक पैसे मांडलेले. खातेदार मात्र एकच: थोरले आजोबा, आणि नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. भाऊ चौघे, खाचरात चौघेही राबायचे. पण धाकट्या तिघांचा कुठे उल्लेख नाही. त्यातले एक माझे सख्खे आजोबा, आणि एक या बहिणीचे. हिरड्याचं झाड सरकारी कागदात सापडलं, माणसं सापडली नाहीत.

यामागचं कारण पुढे कळलं. कोयना धरण १९६४ला पुरं झालं. राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ला. आमच्या माणसांना उठवलं ते १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली. तो कायदा जमीन मोजायचा आणि पैसे द्यायचा. त्या जमिनीवर किती तोंडं जगत होती हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं. कोयनेच्या फायलीला हात घालणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं, निम्मी चिडचिड वाचते.

“तुमच्या आजोबांचं नावच नाही, साहेब. भाऊ होते कशावरून?” कारकुनाने विचारलं. उत्तर मिळालं कोतवाल बुकात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. आमच्या नोंदी मोडीत निघाल्या. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं, तेव्हा चारही भावांचा बाप एक असल्याचं कागदावर आलं.

मग संकलन, म्हणजे कोणाची किती जमीन गेली आणि बदल्यात काय मिळालं याची नोंद. कोयनेच्या खातेदारांच्या संकलन याद्या आहेत, आणि माणसं जशी विखुरली तसे कागदही विखुरले. कोयनेची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी पांगली. थोरले आजोबा सोलापूर जिल्ह्यात गेले. उभी हयात धो-धो पावसात भात, नाचणी नि वरी पिकवलेला माणूस कोरडवाहू ज्वारीच्या रानात बसला. “पावसाची वाट बघत बसायची आमाला सवयच नव्हती,” आण्णा, म्हणजे त्यांचे थोरले चिरंजीव, अजून सांगतात. एक कचेरी म्हणे, यादी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथले म्हणत, मूळ तिकडेच. शेवटी दोन्हीकडे माहिती अधिकाराचे अर्ज टाकले, तेव्हा नोंद हलली.

सगळ्यात नाजूक काम होतं इतर वारसांच्या संमतीचं. खातं एक, दाखला एक, हक्कदार चार घरं. मुंबईत माथाडीत असलेल्या चुलत्यांनी लगेच सही केली. अडून बसले ते जलाशयाच्या काठावरचे काका. ही शाखा कुठेच गेली नाही. पाणी चढलं तसं डोंगरात वर सरकली. त्यांना बाजारालाही लाँचने जावं लागतं. १९८५ला तिथे कोयना अभयारण्य झालं, २०१०ला ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि स्वतःच्या मालकीतलं झाड तोडायलाही विचारावं लागू लागलं. जलाशयाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात उतरतं, चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅट वीज होते. शाळेत आम्हाला कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेखा म्हणून शिकवली. काकांना ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. १९६७च्या भूकंपात त्यांचं घर पडलं होतं, तेही त्यांनी स्वतःच उभं केलं.

त्यांचा आक्षेप रास्त होता: आज दाखल्याला सही दिली आणि उद्या कुणी म्हणालं की बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या जमिनीवरचा तुमचा हक्कही संपला, तर? म्हणून संमतीपत्रात स्पष्ट वाक्य घातलं, की ही संमती फक्त दाखल्यापुरती आहे, पर्यायी जमिनीचा हक्क कोणीही सोडलेला नाही. कोणाच्याही घरात असं संमतीपत्र होणार असेल तर हे वाक्य घालाच. छापील नमुन्यावर विसंबू नका.

दाखला मिळाला. बहिणीने तो जोडून फॉर्मही भरला. पर्यायी जमिनीचा अर्ज आता काकांच्या नावाने करायचाय; त्यासाठी सगळ्या नकलांचा दुसरा संच त्यांना दिलाय. मोडी लिप्यंतराची मूळ प्रत मात्र माझ्याकडेच ठेवली, कारण त्यांच्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते.