वरचं बटण, खालचं बटण

मागच्या नोंदीत ‘अस्सल स्टीलचं’ म्हणून ज्या जुन्या घड्याळाची मी फुशारकी मारली होती, ते स्टीलचं निघालं नाही. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं ढळढळीत लिहिलंय. बॅक! म्हणजे स्टीलचं फक्त झाकण, बाकी केस क्रोम चढवलेलं पितळ. पट्टा काढला तर लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधल्या बेचक्यात पिवळं डोकावत होतं. मी चुंबक लावून पाहिलं होतं आणि चिकटलं नाही म्हणून खूश झालो होतो. पण चुंबक पितळालाही चिकटत नाही, आणि हेअरस्प्रिंगजवळ, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगजवळ, ते नेणं हा वेगळाच मूर्खपणा. आता भिंग घेऊन आधी लग्जच्या आतल्या कडा आणि बटणांभोवतीची जागा पाहतो. घामाने क्रोम पहिल्यांदा तिथेच जातं.

या जुन्या घड्याळांच्या काळी सोनं श्रीमंतांसाठी आणि स्टील कामासाठी, असा हिशेब होता. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 1518 हे मॉडेल 1941 चं. त्यातली स्टीलची चारच माहीत आहेत. त्यातलं एक 2016 मध्ये जिनिव्हात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. सोन्याचं सोडून स्टीलसाठी एवढे पैसे, हे आमच्या आजीला पटलं नसतं.

माझी उडी जुन्या बाजारापर्यंत. रविवारी पुण्याच्या त्या गर्दीत क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची, दोन डोळ्यांची एक तबकडी दिसली : नऊला सेकंद, तीनला 30 मिनिटांचा काउंटर, कडेला आवाजावरून अंतर सांगणारी टेलिमीटरची पट्टी. विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला, “दादा, आधीच सांगतो, खराब आहे. वरच्या बटणाने काटा सुरू होतो, पण बंद होत नाही.”

मी चेहरा सुतकी ठेवला. एरवी वरचंच बटण सुरूही करतं आणि बंदही; पण ते फक्त सुरूच करतं, असं घड्याळाच्या पोटातलं एक यंत्र मला माहीत होतं : लँडरॉन 48. त्यात थांबवणं आणि शून्यावर आणणं, दोन्ही कामं खालच्या बटणाची. तो चहावाल्याकडे वळला तेव्हा ते हळूच दाबलं. काटा थांबला. पुन्हा दाबलं, तर शून्याच्या दोन सेकंद अलीकडे येऊन अडकला. 9,000 रुपयांत सौदा झाला. घरी येईपर्यंत जरा अपराधी वाटलं, मग नाही वाटलं.

माझी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी झाकण उघडलं आणि आत खरंच लँडरॉन. ल लँडरॉन हे स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल प्रांतातलं गाव, तिथलं हे यंत्र. बटणांची कामं वाटून देणारं खांबांचं चक्र, म्हणजे कॉलम व्हील, नाही; साधे कॅम, म्हणजे उंचसखल कडांच्या चकत्या. त्यामुळे हौशी मंडळी नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं कधीच कळलं नाही. वॅल्जू 72 या कॉलम व्हीलवाल्या यंत्राच्या घड्याळाच्या पैशात माझी अशी कितीतरी येतील. तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणून तर सेकंदांच्या पट्टीवर प्रत्येक सेकंदाचे पाच भाग पाडलेत.

काटा शून्यावर न येण्याचं कारण वाळून डिंक झालेलं तेल. शून्यावर आणायचं काम हृदयाच्या आकाराचा एक चिमुकला कॅम करतो. हातोडी त्याच्या उतारावर आपटली की तो फिरून खाचेत बसतो. ॲडॉल्फ निकोलने याचं पेटंट 1844 मध्ये घेतलं होतं. धुऊन, तेल देऊन बसवल्यावर काटा नेमका बारावर. घड्याळाची चाल मोजणाऱ्या टाइमग्राफरवर आतल्या बॅलन्स चक्राचा झोका 255 अंश, क्रोनोग्राफ चालू केल्यावर 228. एवढा उतरतोच, घाबरू नका.

काका काट्यांवरचा, एकेकाळी अंधारात चमकणाऱ्या रंगाचा तपकिरी थर खरवडणार होते, मी हात धरला. त्या काळचा थर रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी, असू शकतो. तो अंधारात चमकत नाही कारण त्यातलं जस्ताचं संयुग थकलेलं असतं. रेडियम अजून शाबूत असतं, त्याचं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं. शिवाय तबकडी मूळची आहे, नव्याने रंगवलेली ‘मुंबई स्पेशल’ नाही. तिला कशाला हात लावायचा? लग्ज मात्र कुणीतरी पॉलिश करून साबणाच्या वडीसारख्या गोल केल्यात. ते दुःख कायमचं.

परवा वळवाचा पाऊस आला. गच्चीत उभा राहून वीज चमकताच वरचं बटण दाबलं, गडगडाट ऐकताच खालचं. 14 सेकंद; काटा टेलिमीटरवर पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. मुलीला दाखवायला हाक मारली. पुढच्या विजेला काटा सुरू केला, गडगडाट झाला, आणि सवयीने मी पुन्हा वरचंच बटण दाबलं. काटा आपला पुढे निघून गेला. “खराब आहे का, बाबा?” तिने विचारलं.