आजींच्या ओवीचा रेट काय?

कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या स्टेशनवर, सरकारी जाहिरातीचा भाव ठरलेला असतो, दहा सेकंदांना ७४ रुपये. आधी ५२ होता. २०२४ च्या फेब्रुवारीत वाढला आणि तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिराती लावायची परवानगी पण तेव्हाच जाहीर झाली. आम्ही स्टेशनवर पेढे वाटले होते हो! मग लक्षात आलं की बारा मिनिटं लावायला तेवढ्या जाहिराती यायला पण पाहिजेत, आमच्याकडे तासात एक मिनिट भरलं तरी दिवाळी.

हा हिशोब आत्ता परत डोक्यात फिरतोय तो एका आजींमुळे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कम्युनिटी रेडिओवर प्रोड्युसर आहे. प्रोड्युसर म्हणजे अनाउन्सर, एडिटर, बिलं करणारी, आणि ट्रान्समीटर बंद पडला की इंजिनिअरला फोन लावून "लाल लाइट लागलाय, आता काय करू" विचारणारी पण मीच. १०० वॉटचा ट्रान्समीटर, ऐकू जातं दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये टेकडी आली की तेही नाही. लोकांना वाटतं रेडिओ म्हणजे गाणी आणि गप्पा. आमचा निम्मा दिवस लॉगबुकात जातो, कुठली जाहिरात किती वाजून किती मिनिटांनी लागली ते लिहिण्यात, कारण त्याशिवाय बिल निघत नाही.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आम्हाला स्वतःच्या बातम्या करता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा, फार तर बोलीत भाषांतर करून लावायच्या. खाजगी कंपनीने पैसे देऊन प्रायोजित कार्यक्रम करायचा नाही, सरकारचा किंवा लोकहिताच्या माहितीचा चालतो. आणि किमान ५० टक्के कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागातून झालेला पाहिजे. हा शेवटचा नियम मला मनापासून आवडतो. पण तो पाळायला लागणारा पैसा कुठल्या खिशातून येणार ते कोणी सांगत नाही. केंद्राची मदत योजना आहे, तिचा भर यंत्रसामग्रीवर. माइकला पैसे मिळतात, माइकसमोर बसणाऱ्याला नाही.

तर आम्हाला एका सरकारी खात्याकडून गरोदर बायकांच्या आहारावर सिरीज मिळाली. प्रत्येक भागात "लोककला सेगमेंट" कंपल्सरी. कागदावर छान दिसतं ते. कलाकाराला मानधन एका भागाला ५०० रुपये, बँक ट्रान्सफरनेच, कॅश चालणार नाही.

जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या ठरल्या. गावात आता पिठाची गिरणी आहे, जातं कोण ओढतंय, पण एका वस्तीवर एक आजी हरभरा वगैरे काही ना काही अजून दळतात असं आमच्या व्हॉलंटियरने सांगितलं. गेलो.

आता हे मात्र मी सविस्तर सांगणार, कारण याचा मला अभिमान आहे. जात्यावरची ओवी जात्याशिवाय म्हणायला लावली की तिची लय जाते, बाई उगाच कवितेसारखी म्हणून मोकळी होते. आणि जातं फिरवत म्हटली की घरघर आवाजाला खाऊन टाकते. समोर माइक धरला तर नुसतं जातंच येतं. मी जात्याखाली चौपदरी गोधडी घातली, म्हणजे फरशीतून येणारी थरथर थांबली. रेकॉर्डर आजींच्या डाव्या खांद्याच्या वर, तोंडाच्या रेषेत पण थोडा मागे, शेल्फच्या कडेला बांधला. लो कट, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण, अगदी हलका, कारण घरघर पूर्ण काढली तर दळण दळतंय असं वाटणार कसं? पंखा बंद. शेजारचा मिक्सर बंद करायला व्हॉलंटियर पाठवला. कोंबड्या राहू दिल्या. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत लाखाच्या माइकवर केलेल्या "ग्रामीण" जिंगल मी रोज वाजवते, त्यातली एक कोंबडी मला प्रत्येक जाहिरातीत ओळखू येते. ती एकच कोंबडी आहे, सगळीकडे तीच.

आजींनी मस्त म्हटलं. चार मिनिटं सलग, मध्ये मूठभर दाणे टाकायला थांबल्या तेवढंच. मी फायनल ऐकत होते आणि त्यांच्या नातवाने कौतुकाने मोबाइलवर आमचंच स्टेशन लावलं, तर नेमकी जाहिरात चालू. लोहाच्या गोळ्यांची, तीस सेकंदांची.

आजी म्हणाल्या, "ह्या बाईला किती भेटतात?"

मी म्हटलं त्या बाईला किती ते माहीत नाही, पण ही लावायचे आम्हाला दहा सेकंदांना ७४ रुपये मिळतात. नातू बारावीला, त्याने तिथंच सांगितलं, "एका टायमाला २२२." मग स्वतःहून आजीचा पण हिशोब केला, चार मिनिटांचे १,७७६.

"आन् मला?"

मी ५०० सांगितले. आजी चिडल्या वगैरे नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "मंग मी बी गोळ्याचीच म्हणते की. लाव तुझं मशीन." आणि खुंटा धरून सुरू झाल्या:

शेवग्याचा गं पाला, मी खुडीते परसात
रगत वाढू दे गं, माझ्या लेकीच्या अंगात

अशा चार-पाच जोडल्या त्यांनी, गोळी शेवटी आली, आधी शेवगा, गूळ आणि सासूने लेकीला पहिल्या पंगतीला बसवावं ही सूचना. आमच्या सिरीजच्या स्क्रिप्टमध्ये जे तीन पानांत डॉक्टरांच्या तोंडी घातलं होतं ते सगळं यात होतं, आणि सासूचा मुद्दा तर स्क्रिप्टमध्ये नव्हताच.

आम्ही ते लावलं. फोन आले, परत लावा म्हणून. एका आशाताईने रेकॉर्डिंग मागून घेतलं, ती बैठकीत ऐकवते म्हणे. मग मला चेव आला आणि मी जाहिराती देणाऱ्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं, की याच विषयावर स्थानिक कलाकाराने केलेला तीस सेकंदांचा तुकडा आहे, तो जाहिरात म्हणून मंजूर करून दर लावावा, म्हणजे त्यातून कलाकाराला देता येईल. उत्तर फोनवरच आलं. बिल फक्त वरून आलेल्या मंजूर क्रिएटिव्हचं, म्हणजे तयार जाहिरातीचं होतं. साहेब चांगले होते, "ऐकलं मी, छान आहे, तुम्ही फ्री एअर करा ना" असं म्हणाले. म्हणजे वेळ विकत घ्यायची सोय आहे, गावात तयार झालेलं विकत घ्यायची नाही. आकाशवाणीत निदान ऑडिशन होते, ग्रेड मिळते, ग्रेडप्रमाणे फी मिळते, ती व्यवस्था कशी का असेना पण कलाकाराला भाव आहे हे तरी मान्य केलंय. आमच्याकडे सेकंदाला भाव आहे.

बरं, निदान ५०० तरी द्यावेत, तर तेही अडले. आजींना श्रावणबाळची पेन्शन आहे, महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे. खात्यावर रेडिओचे पैसे आले आणि कोणी बोट ठेवलं तर? ५०० ने काही होणार नाही हे मी दोनदा समजावलं, पण नातवाच्या मित्राच्या आजीची पेन्शन कशानेतरी बंद पडली होती आणि ती चालू करायला तहसीलला किती खेटे घातले ते त्याने पाहिलंय, मी त्याला कुठल्या तोंडाने ग्वाही देऊ? आजी म्हणतात, "हातात दे, न्हाईतर राहू दे." हातात द्यायला नियम नाही. बचत गटाच्या खात्यावर टाकू म्हटलं तर गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, आजी आमच्या गटात नाहीत, ऑडिटला काय दाखवू. खिशातून देऊ का म्हटलं तर आमचे स्टेशन मॅनेजर म्हणतात द्या, पण मग दर वेळी प्रत्येकाला देणार का? त्यांचंही चूक नाही, आमचे पगारच तीन-तीन महिन्यांनी होतात.

आता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे सिरीजचे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, द्यायची वेळ आलीये. मानधनाच्या हेडमध्ये पैसे शिल्लक, ते व्याजासकट परत करायचे. वर बसलेल्या माणसाला दिसणार काय, तर या स्टेशनला लोककलाकार मिळाले नाहीत, पुढच्या वर्षी हा हेड कमी करा. मला तेच नकोय. म्हणून मी अकाउंटंटला शिल्लक शून्य येईपर्यंत थांब म्हणतेय आणि तो म्हणतो ३१ मार्चपर्यंत थांबतो, पण रिमार्कच्या कॉलममध्ये दोन ओळींची जागा आहे, त्यात काय टाकायचं ते तूच लिहून दे.