तुम्ही विचारलंत म्हणून: तंबू माळ्यावर का आहे

"यंदा कुठं निघाली तुमची टोळी?" नोव्हेंबर लागला की सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सकाळी फिरताना कुणी ना कुणी मला हे विचारतंच. लग्नात, पंगतीत शेजारी बसलेला पाहुणाही विचारतो. चौघं मित्र, एक गाडी, एक तंबू, दर डिसेंबरला चार दिवस. आमचे फोटो बघून तंबू घेतलेली दोन-तीन घरं मला माहीत आहेत. ती तर हक्कानंच विचारतात, की बंद का केलंत?

आजवर मी गुडघा सांगितला. गाडी जुनी झाली म्हणालो. कोरोनानं तर दोन वर्षं फुकटात काढून दिली. आता कंटाळा आला. एकदाच लिहितो, म्हणजे पुन्हा तोंडानं सांगायला नको.

आमच्यात भांडण झालं नाही. हे आधी लिहितो, कारण लोक तेच धरून चालतात.

वहीपासून सुरुवात करावी लागेल. २००९ च्या पावसाळ्यात आम्ही पहिल्यांदा निघालो ते नळदुर्गला. जवळच, मुक्कामाचीही गरज नसलेलं ठिकाण. बोरी नदीवर बांध, आणि त्या बांधाच्या पोटात १६१३ सालचा पाणीमहाल. वरून पाणी कोसळतंय, आत आपण कोरडे. नर आणि मादी हे दोन्ही धबधबे चालू होते. सगळे खूश. घरी येऊन पाकीट उघडलं तेव्हा कळलं की पेट्रोल, जेवण, चहा सगळं माझ्याच खिशातून गेलंय. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. मी बँकेत कॅशियर. दुसऱ्या खेपेला वही घेतली. निघताना प्रत्येकानं सारखी रक्कम टाकायची, खर्च लिहायचा, चौघांत वाटायचा. सगळ्यांनी मान डोलावली होती. शेठनंसुद्धा.

शेठ म्हणजे आमचा यंत्रमागवाला. घरी तेलुगू, बाजारात मराठी, हद्द ओलांडली की कन्नड. सोळा मागांचा चादरीचा कारखाना होता, म्हणून शेठ. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यानं आम्हाला पेढे दिले होते. पुढं बाहेरच्या स्वस्त मालावर 'सोलापुरी' असं छापून यायला लागलं तेव्हा तो फक्त हसायचा. सूत महागलं, कामगार मिळेना, हे सगळं तो आम्हाला हवापाण्यासारखं सांगायचा. आम्हीही हवापाण्यासारखंच ऐकायचो.

डिसेंबर २०१८. पहाटे चारला निघालो. टाकळीचा भीमेचा पूल, धुळखेड, होर्ती, आणि सहलीच्या शाळा यायच्या आत विजयपूरला गोल घुमट. मग आलमट्टी, मग बसवण्णांची समाधी असलेलं कूडलसंगम. आमच्या सिद्धरामाचं, म्हणजे सिद्धेश्वराचं, नाव बसवण्णांच्या शरणांत घेतलं जातं, त्यामुळे तिथं न थांबता पुढं जाणारा सोलापूरकर मी तरी पाहिला नाही. निडगुंदीच्या अलीकडं टायर फुटला, तो नवा घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी ऐहोळे, पट्टदकल आणि दुपारी बदामी. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा ५७८ सालचा लेख आहे, त्यात देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याची नोंद आहे. आमच्यातला मास्तर मला म्हणाला, "बघ बे, तुझा पूर्वज. हिशेब दगडावर." शेठ सगळ्यात मोठ्यानं हसला.

त्या दुपारी खानावळीत तो जेवला नाही. शनिवार धरलाय म्हणाला. आम्ही बाहेर आलो तर गाडीला टेकून घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होता. उपासाला. मेडिकलवाल्यानं, म्हणजे आमच्या डॉक्टरनं, त्यावर विनोद केला. मीपण केला.

रात्री बदामी-पट्टदकल रस्त्यालगत एका ज्वारीच्या रानाच्या बांधावर तंबू लावला. जागा शेठनं मिळवली. नेहमी तोच मिळवायचा. मालकाशी दहा मिनिटं कन्नडमध्ये बोलायचा, कुठल्या गावचे, पाऊस कसा झाला, आणि मालक स्वतः पाण्याची घागर आणून द्यायचा. थंडी होती. त्यानं आणलेल्या चार चादरी आम्ही अंगावर घेतल्या. कोरी घडी मोडली की येतो तो खळीचा वास होता त्यांना.

टायरमुळे जमा पैसे संपले होते. पुढं दोन दिवस होते. मी बॅटरीच्या उजेडात वही काढली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. डिझेल इतकं, टायर इतका, खानावळ, तिकिटं, चहा. माणशी दोन हजार आठशे चाळीस. "मास्तर, तुझे तीन हजार जमा. डॉक्टर, तीन हजार. शेठ, तू निघताना पाचशे दिलेस. तुझ्याकडून दोन हजार तीनशे चाळीस येणं."

शेठ म्हणाला, "लिहून ठेव बे. देतो."

इथं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "लिहिलंयच. पण उद्या डिझेल कशानं टाकायचं? तू शेठ माणूस, तूच असं केल्यावर कसं?"

गमतीत म्हणालो. खरंच गमतीत. माझा आवाज मला अजून आठवतो आणि त्यात गंमत होती, यावर मी ठाम आहे. बाकी दोघं हसले नाहीत. शेठ उठला, लघवीला जाऊन येतो म्हणाला, रानाच्या कडेनं बराच वेळ उभा राहिला. मग येऊन झोपला.

सकाळी त्याची पिशवी नव्हती. चादर होती, घडी घातलेली. रानमालकानं त्याला मोटरसायकलवर बदामी स्टेशनला सोडलं होतं. तिथून सोलापूरला थेट गाडी आहे. मालक आम्हाला काहीतरी समजावत होता, पण आमच्यापैकी एकालाही कन्नड येत नव्हतं. "स्टेशन" आणि "मने" एवढंच कळलं. मने म्हणजे घर.

गावात आल्यावर कळलं, दिवाळीनंतर कारखाना बंद झाला होता. माग भंगारात किलोवर गेले होते.

आता माझी बाजू. त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी वही उघडली असती का? नियम चौघांचा होता, मी फक्त लिहिणारा. शिवाय यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. चार-पाच वर्षं मी एवढंच बोलत आलो, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

पण टायर माझ्या गाडीचा होता. सोलापुरात परत आल्यावर माझ्याच गाडीला राहिला, अजून दोन वर्षं पळाला. तो मी चौघांत वाटला. त्या वेळी मला ते खटकलं नाही. मास्तर म्हणतो की त्याला खटकलं होतं. मग बोलला का नाही, विचारलं तर म्हणतो, तुझ्या वहीपुढं कोण बोलणार बे.

आणि गोल घुमट. तिथं वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर घुमटाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, सुमारे अडतीस मीटरवर. त्या सकाळी वर आम्हीच होतो. शेठ आणि मास्तर पलीकडं भिंतीपाशी बसले होते, मी अलीकडं. कानाशी बोलल्यासारखं आलं, "पाचशेच हायत बे माझ्याकडं. त्याला सांग की तू."

मी ऐकलं. लगेच उठून फोटो काढायला लागलो.

म्हणजे मला माहीत होतं? कारखान्याचं नव्हतं, शपथ. पैशाचं होतं. मास्तर सांगेल तेव्हा बघू म्हणालो, मास्तरनं सांगितलं नाही. हे बायकोलासुद्धा मी गेल्या वर्षापर्यंत बोललो नव्हतो.

महिन्याभरानं शेठचा मुलगा पाकीट घेऊन आला. दोन हजार तीनशे चाळीस, बरोब्बर. मी घेतले. परत केले असते तर त्याला जास्त लागलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही बहुतेक वेळा वाटतं. वहीत 'जमा' लिहून सही केली. त्या पानाच्या मागंपुढं चाळलं तर नऊ वर्षांत चहा-बिस्किटंसुद्धा लिहिलेली आहेत, चादरींची एक नोंद नाही. भेट होती ना. भेट कोण लिहितं?

शेठ आता दुसऱ्याच्या टॉवेलच्या कारखान्यात देखरेखीला आहे. भेटतो, बोलतो, नीट बोलतो. चहाचे पैसे मात्र मला देऊ देत नाही. मास्तर दोनदा म्हणाला, पुन्हा निघू, तू विचार त्याला. मी म्हणालो, तू विचार. अजून कुणीच विचारलेलं नाही.

ज्यांना फक्त जागा हवी होती त्यांच्यासाठी: बदामी-पट्टदकल रस्त्यालगत रानं आहेत, डिसेंबरात ज्वारी उभी असते, पिकात गाडी घालू नका. मालकाला आधी विचारा. कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या.