बेस नाही, पियानो नाही: तिघांच्या जॅझ अल्बमचा माझा अनुभव

सॅक्सोफोन, ड्रम्स आणि माझा आवाज, एवढ्यावरच अल्बम करायचा ठरलं तेव्हा मला एकच धास्ती होती: गाताना सूर धरायचा कुणाचा? एरवी पियानो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, देतो, आणि बेस हे खर्जातलं वाद्य तिचा मूळ सूर देतो. इथे दोघेही नाहीत. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने १९५७ साली 'वे आउट वेस्ट'मध्ये पियानो गाळला, पण बेस ठेवला होता. ड्रमर मॅक्स रोच आणि गायिका ॲबी लिंकन यांच्या १९६०च्या 'वी इन्सिस्ट!'मधलं 'ट्रिप्टिक' निव्वळ ड्रम्स आणि आवाजावर उभं आहे. ते मी पुष्कळ ऐकलं. पण त्यात शब्दच नाहीत. आम्हाला तर भराभर कॉर्ड बदलणारी गाणी करायची होती.

वाट तालमीत सापडली. टेनर सॅक्सोफोनने माझ्यामागे कॉर्डचा फक्त (मूळ सुरापासून मोजलेला) तिसरा आणि सातवा सूर आळीपाळीने धरायचा. कॉर्ड मेजर (उजळ) की मायनर (उदास) ते तिसऱ्यावरून कळतं, कॉर्ड पुढे कुठे ओढ घेतेय ते सातव्यावरून. मूळ सूर कान आपोआप भरून घेतो. सॅक्सोफोनच्या सोलोत मूळ सूर मी लांबवायचा. माझा आवाज बेसइतका खाली जात नाही, त्यामुळे तो बहुधा सॅक्सोफोनच्या वरच यायचा आणि कॉर्ड जरा अधांतरी वाटायची. मला ते आवडलं, सॅक्सोफोनवाल्याला शेवटपर्यंत नाही. ड्रमरने फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा असणारा मोठा ड्रम, गाण्याच्या पट्टीला लावला, तो तर मोठाच आधार झाला. पट्टी बदलली की तो पुन्हा लावावा लागे, म्हणून एका पट्टीची गाणी आम्ही सलग घेतली.

ध्वनिमुद्रण एकाच खोलीत केलं. सिंबल, म्हणजे ड्रम्सच्या झांजा, माझ्या माइकमध्ये घुसत होत्या आणि माझ्या 'स', 'श'वर नेमक्या चढत होत्या. पुढून-मागून ऐकणारा, बाजूंनी बहिरा असा माइक घेऊन ड्रम्स त्याच्या बाजूला ठेवले, संथ गाण्यांना काठ्यांऐवजी ब्रश घेतले. तरी थोडं शिरायचंच. त्यामुळे एखादी ओळ नंतर गाऊन चिकटवायची सोय नव्हती. टेक घ्यायचा तो अख्खाच.

मिक्सिंगच्या वेळी एका गाण्यात बेस घालून पाहिला. गाणं भरदार झालं, पण माझे लांब सूर एकदम फालतू वाटायला लागले. बेस काढला, तर गाणं उघडं पडलं. शेवटी तेच अल्बममधून वगळलं.