आमची वाटचाल: कडक आहे, शिळा नाही!

दुकान उघडून चारच दिवस झाले होते, एक आजोबा अर्धा खाल्लेला बगेट, म्हणजे लांबट, कडक सालीचा फ्रेंच पाव, कागदात गुंडाळून परत घेऊन आले. "ताई, कालचा दिलाय का काय, दात पडंल की माझा." तो पाव त्याच सकाळी साडेसातला ओव्हनमधनं निघालेला. काय बोलणार, पैसे परत दिले.

ही २०१८ ची गोष्ट. मी लग्नाआधी पुण्यात एका हॉटेलच्या बेकरीत होते, सांगलीत आल्यावर दोन वर्षं घरीच केक केले पण डोक्यात बगेटच होता. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात, ते म्हणाले कर, पण वर्षभरात भाडं तरी सुटलं पाहिजे. मग गावभागात एक गाळा घेतला आणि एक सेकंडहँड डेक ओव्हन, म्हणजे कप्प्यांचा बेकरी ओव्हन.

पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. बगेटमध्ये एवढंच असतं म्हणून सोपं वाटतं, तिथंच फसायला होतं. किलोभर मैद्याला ७०० मिली पाणी घालून मळायला घेतलं तर इथल्या साध्या मैद्याचा अक्षरशः चिकट लगदा झाला, प्रोटीन कमी असलं की पीठ पाणी धरत नाही आणि पाव उभा न राहता पसरतो. जास्त प्रोटीनवाला मैदा महाग पडतो, पण तिथं काटकसर करून चालत नाही हे तीन पोती वाया घालवून शिकले. दुसरा शत्रू ऊन. मळून झाल्यावर पीठ २४-२५ डिग्रीला पाहिजे आणि एप्रिलमध्ये आमचा गाळाच ३८ ला, हॉटेलात एसी होता त्यामुळं हे कधी जाणवलंच नव्हतं. अजूनही उन्हाळ्यात निम्म्या पाण्याऐवजी बर्फ घालतो आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू फुगवतो.

आंबट पावाचं बी, म्हणजे सावरडो स्टार्टर, त्याचं मी सासूबाईंना अर्धा तास समजावत होते. त्या म्हणाल्या, विरजणच की, रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. तेव्हापासून ती बरणी त्यांच्याकडं. पाव फुगायला ठेवायला तिकडं फ्रान्सात लिननचं जाड कापड वापरतात, आम्ही सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून घेतलं, झकास चालतं. चिरा मारायला दाढीचं ब्लेड, हे मात्र तिकडंही तेच. वाफेची सोय आमच्या ओव्हनला नव्हती, मग लोखंडी कढईत खडी तापवायची, पाव आत गेले की त्यावर पाणी ओतायचं आणि पटकन दार लावायचं. पहिली दहा मिनिटं वाफ असली की वरची साल ओली राहते, पाव नीट फुगतो आणि मग ती चकाकी आणि कुरकुरीतपणा येतो. ज्याला आजोबा शिळा म्हणाले तोच!

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गाळ्यात छातीएवढं. सासूबाई बरणी पिशवीत घालून नणंदेकडं मिरजेला गेल्या, बाकी सगळं गेलं म्हणायला हरकत नाही, ओव्हनच्या कॉइल, वायरिंग, मैद्याची पोती. त्यावर जास्त लिहीत नाही. दिवाळीला विश्रामबागेत परत सुरू केलं.

खपली गव्हाचा पाव करा असं खूप जण म्हणायचे, आपल्याकडचाच गहू, मलाही हौस. नुसत्या खपलीचा पाव भाकरीसारखा बसला, त्याचं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं प्रोटीन, नाजूक असतं. आता चौथा हिस्सा खपली, बाकी मैदा, आणि त्यात तासगावचा बेदाणा भिजवून घालतो. तो पाव सगळ्यात आधी संपतो.

पण बगेट खपायला लागला तो मटणामुळं. एका गिऱ्हाईकानं रविवारी तांबड्या रश्श्यात बुडवून खाल्ला आणि सोमवारी येऊन सांगितलं, वहिनी, तुमचा पाव रश्श्यात विरघळत नाही ओ, शेवटपर्यंत टिकतो. मी इतके दिवस चीज आणि बटरबरोबर खा म्हणून सांगत होते, येडीच मी. आता रविवारचे बगेट शनिवारीच बुक असतात. नोव्हेंबर २०२२ ला युनेस्कोनं बगेट बनवायच्या कलेला वारसा यादीत घेतलं तेव्हा लोक मोबाईलवर बातमी दाखवायला दुकानात येत होते, खप मात्र वाढला तो रश्श्यानंच.

पावसाळ्यात अजून हाल आहेत. हवेतल्या दमटपणानं चार तासांत साल चामट होते, म्हणून जून ते सप्टेंबर बगेट दुपारी बारानंतर विकत नाही. उरलेल्याचे काप करून तूप-जिरं लावून टोस्ट भाजतो, आणि ते टोस्ट बगेटच्या दुप्पट खपतात. परवा तेच आजोबा पाव किलो टोस्ट घेऊन गेले, म्हणाले, अजून जरा कडक भाजा की.